नांदगांवच्या कुणग्यावर

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गानें निघालें म्हणजे कणकवलीच्या अलीकडे नांदगांव लागतें. येथें देवगडचा रस्ता पश्चिमेकडे फुटतो, म्हणून ह्या जागेस नांदगांवचा तिठा म्हणतात. तिठ्यावर उभा असलेला प्रवासी बहुधा नांदगांवचा नसतो. कोणी देवगडच्या बंदराकडे निघालेला असतो, तर कोणी कोल्हापूरच्या बाजूनें फोंडाघाट उतरून आलेला असतो. चहाचा पेला संपेपर्यंत तो थांबतो, घड्याळ पाहतो आणि पुढची गाडी धरतो. १९९८ सालीं कोंकण रेल्वे अखंड सुरू झाली आणि ‘नांदगांव रोड’ नांवाचें एक लहानसें स्टेशनही गांवाच्या वांट्यास आलें. परंतु पुष्कळशा जलद गाड्या तेथें न थांबतांच निघून जातात. ज्याच्यावरून सर्व जग जातें आणि जेथें फारसें कोणी थांबत नाहीं, असें हें गांव आहे.

जो थांबतो त्याला मात्र येथें पाहण्यासारखें पुष्कळ आहे. विशेषतः मार्गशीर्ष-पौषांत यावें. पावसाची चिकचिक संपलेली असते आणि चैत्र-वैशाखाचा उकाडा अद्याप दूर असतो. भात कापून, झोडून घरांत आलेलें असतें. डोंगराच्या उतरणीवर बांध घालून केलेले भाताचे लहानमोठे तुकडे, ज्यांना ह्या बाजूस कुणगे म्हणतात, ते मोकळे पडलेले असतात. कोठें त्यांत कुळीथ पेरलेला असतो, कोठें गुरें चरत असतात. सकाळीं दंव इतकें पडतें कीं, जांभ्या दगडाच्या पायऱ्या पावसानें भिजल्यासारख्या दिसतात. आणि दहा वाजतां तेंच ऊन अंगणांत उभें राहूं देत नाहीं. काजूला नुकता मोहोर धरूं लागलेला असतो. अंगणांतलें खळें नव्यानें चोपून सारवलेलें असतें, आणि संध्याकाळीं त्यावर बसलें असतां शेणाचा, वाळल्या पेंढ्याचा आणि चुलींतल्या धुराचा मिळून जो एक वास येतो, तो ज्यानें लहानपणीं घेतला असेल त्याला दुसरा कोणताही सुगंध फिका वाटतो.

आमचें मूळचें घर ह्याच गांवीं. घरांत वडील माणूस म्हणजे आमचे थोरले चुलते, आप्पा. शाळेंत गणित शिकविण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. दरवर्षीं नाताळच्या सुटींत पुण्या-मुंबईचीं सर्व बिऱ्हाडें येथें गोळा होतात. गेल्या सुटींत आम्हीही गेलों. आणि ह्या वेळीं घरापुढें एक असा प्रश्न उभा राहिला होता कीं, जो नांदगांवांत पूर्वीं कधीं कोणास पडला नसेल. तो प्रश्न म्हणजे टेनिसच्या सर्व्हिसची किंमत कशी करावी हा.

त्याचें कारण आप्पांची नात. मुलगी चौदा वर्षांची, अंगानें शेलाटी, उंची पांच फूट एक इंच, आणि डावखुरी. लहानपणीं काकूंनीं तिच्या डाव्या हातांतला घांस उजव्यांत देण्याचा नेम चालविला होता. त्यामुळें ती जेवते उजव्या हातानें, परंतु रॅकेट हातीं आली तेव्हां ती डाव्यानेंच धरली. पुण्यास ती ज्या संस्थेंत टेनिस शिकते, त्या संस्थेकडून एक पत्र आलें होतें. वेग मोजणाऱ्या यंत्रानें तिची पहिली सर्व्हिस ताशीं ११८ किलोमीटर भरली होती. बरोबरीच्या मुलींची १३० च्या पुढें होती. सबब सर्व्हिस दुर्बळ ठरवून तिला वरच्या वर्गांत घेतां येत नाहीं, असें त्यांत लिहिलें होतें. शिक्षणाचा खर्च एकत्र कुटुंबाच्या पैशांतून होत होता. तेव्हां हा खर्च पुढें चालवावा कीं येथेंच थांबावें, ह्याचा निकाल घरानें लावावयाचा होता. मुलगी कांहींच बोलत नव्हती. पत्र आल्यापासून तिनें रॅकेट पिशवींतून बाहेर काढली नव्हती, एवढेंच तिची आई म्हणाली.

आप्पांनीं पत्र दोनदां वाचलें आणि म्हणाले, “आंकडा खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु पेपर तीन प्रश्नांचा असतांना एकाच प्रश्नाचे गुण देऊन नापास केलेलें दिसतें. जोर किती, फिरकी किती आणि परिणाम किती, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. बाकीचे दोन आपण येथेंच तपासूं.”

अशा रीतीनें नांदगांवांत टेनिसचें मैदान तयार करण्याचें ठरलें. घरामागें माड आणि काजू यांच्यामध्यें एक लांबट कुणगा आहे. टेनिसच्या मैदानाची लांबी ७८ फूट आणि एकेरी खेळाची रुंदी २७ फूट असते. कुणग्याची लांबी शंभर फुटांच्या आंतबाहेर भरली. रुंदी एका टोंकास अपुरी पडली. परंतु आम्हांस डाव खेळावयाचा नव्हता, सर्व्हिस तेवढी पाहावयाची होती. तिला लागतें काय? एका टोंकास मारणाऱ्याची रेघ; तेथून ३९ फुटांवर मध्यभागीं ३ फूट उंच असें जाळें; आणि जाळ्यापलीकडे २१ फूट लांब व साडेतेरा फूट रुंद असा एक चौकोन, ज्यांत चेंडू पहिल्यानें टेकला पाहिजे. घरांतल्या पुरुषांनीं भाताचे खुंट उपटले, माती भिजवून चोपली. चौकोन सारवण्याचें काम सुनांनीं केलें, आणि रेघा रांगोळीनें ओढल्या गेल्या. जाळें देवगडच्या बंदरांतून आणविलें. तें मासे धरण्याचें जुनें जाळें असल्यामुळें काकूंनीं तें तीन वेळां धुऊन दोन दिवस उन्हांत टाकल्याखेरीज घराच्या हद्दींत येऊं दिलें नाहीं. तरीही पहाटे दंव पडलें कीं त्यास आपलें पूर्वायुष्य आठवे.

शेणानें सारवलेल्या जमिनीवर टेनिस, हें ऐकून शहरांतल्या वाचकांस हंसूं येईल. परंतु आपल्या देशांत, विशेषतः दक्षिणेकडे, माती आणि शेण यांनीं सारवलेलीं टेनिसचीं मैदानें एके काळीं पुष्कळ होतीं. शिवाय आमच्या कामास ही जमीन कोणत्याही सिमेंटच्या मैदानाहून अधिक उपयोगी ठरली. कारण सिमेंटवर चेंडू आपली खूण ठेवीत नाहीं, आणि ताज्या सारवणावर तो आपली सही करून जातो. सपाट, वेगानें आलेला चेंडू लांबट खूण करतो. वरून खालीं उतरलेला चेंडू वाटोळी खूण करतो. चेंडू कोणत्या कोनांतून आला, हें ज्यास वाचतां येतें त्यास निम्मी सर्व्हिस तेथेंच कळते.

जमिनीचा स्वभाव प्रथम पाहून घेणें जरूर होतें. टेनिसच्या चेंडूचें वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असतें. आणि नियम असा आहे कीं, तो १०० इंचांवरून काँक्रीटवर सोडला असतां ५३ ते ५८ इंच उसळला पाहिजे. आमचा चेंडू ओसरीच्या फरशीवर साडेचार फूट उसळला, कुणग्यावर चार फुटांस दोन बोटें कमी. म्हणजे जमीन मऊ. येथें नुसत्या जोरास थोडा तोटा होणार, हें ध्यानांत ठेवून पुढें जावयाचें. सकाळच्या दंवांत चेंडूवरची लोंकर ओली होऊन तो जड होतो, म्हणून परीक्षा नऊ वाजल्यानंतरच घ्यावी असें ठरलें.

मुलीनें दोन दिवसांत एकंदर १२० सर्व्हिस मारावयाच्या होत्या. ६० जोराच्या आणि ६० फिरकीच्या. पलीकडे चेंडू परतविण्यास तिचा चुलत भाऊ उभा राहिला. तो महाविद्यालयाच्या संघांतून खेळतो, उजव्या हातानें, आणि बहिणीवर मेहेरबानी करण्याचा त्याचा स्वभाव नाहीं. आप्पा बांधावर खुर्ची टाकून वही घेऊन बसले.

प्रथम जोर. हल्लींच्या मोबाईलमध्यें एका सेकंदाचीं २४० चित्रें टिपण्याची सोय असते. रॅकेटला चेंडू लागल्याचें चित्र आणि तो जमिनीस टेकल्याचें चित्र, यांच्यामधलीं चित्रें मोजलीं म्हणजे वेळ निघते. खूण कोठें पडली तें टेपानें मोजलें म्हणजे अंतर निघतें. तिच्या जोराच्या चेंडूस ५७ फूट जाण्यास साधारण १४४ चित्रें, म्हणजे ०.६ सेकंद लागे. हा सरासरी वेग ताशीं १०४ किलोमीटरच्या सुमारास होतो. यंत्र जो वेग दाखवितें तो रॅकेटवरून सुटतांनाचा. पुढें हवेच्या अडथळ्यानें तो घटत जातो, टप्प्यावर आणखी घटतो, आणि परतविणाऱ्याच्या रॅकेटपर्यंत येईतों मूळच्या वेगाचा जवळजवळ अर्धाच उरतो. हा हिशेब करून आप्पा म्हणाले, “११८ हा आंकडा बरोबर आहे. यंत्रास दोष नाहीं.” मुलगी खालीं पाहूं लागली. ज्यांच्याजवळ लांब मैदान आहे त्यांस चित्रें मोजण्याचीही जरूर नाहीं. चेंडूचा दुसरा टप्पा किती लांब पडतो तें पाहावें. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या मैदानावरील परीक्षेंतसुद्धां जोर ह्याच रीतीनें ठरवितात. आमचा दुसरा टप्पा बांधापलीकडे काजूंच्या पाल्यांत पडे, तेथें टेप काय करणार?

यानंतर आप्पांनीं जें त्रैराशिक मांडलें तें आमच्या मतें ह्या सबंध प्रकरणाचें मर्म होय. मारणाऱ्याच्या रेघेपासून जाळें ३९ फुटांवर आणि चौकोनाची शेवटची रेघ ६० फुटांवर. जाळ्याची उंची ३ फूट. चेंडू अगदीं सरळ रेघेंत जाऊन जाळ्याच्या कडेवरून चौकोनाच्या शेवटच्या रेघेवर पडावयाचा, तर तो किती उंचीवरून मारला पाहिजे? जाळ्यापासून पुढच्या २१ फुटांत तो ३ फूट उतरतो, म्हणजे ७ फुटांस १ फूट. तेव्हां ६० फुटांस ८ फूट ७ इंच. आमची मुलगी टांचा उंचावून हात पूर्ण ताणते तेव्हां तिचा चेंडू साडेसात फुटांवर रॅकेटला लागतो. तेथून निघून जाळ्यास चाटून जाणारी सरळ रेघ जमिनीस ६५ फुटांवर मिळते, म्हणजे चौकोनाच्या पांच फूट बाहेर. तात्पर्य, बुटक्या माणसाची सरळ सर्व्हिस आंत पडणेंच शक्य नाहीं. कोणीतरी चेंडू खालीं ओढला पाहिजे.

हें ओढण्याचें काम दोघे करतात. एक पृथ्वी आणि दुसरी फिरकी. पृथ्वीची ओढ वेळेवर अवलंबून असते. चेंडू ०.६ सेकंद हवेंत असला तर ती त्यास पावणेसहा फूट खालीं आणते, ०.४ सेकंदच असला तर अडीच फूटच. म्हणजे मुलीनें नुसता जोर वाढविला तर वेळ कमी होईल, वेळ कमी झाल्यानें पृथ्वीची मदत कमी होईल, आणि चेंडू बाहेर जाऊं लागतील. ती उणीव कोणी भरावयाची? फिरकीनें. चेंडूचा वरचा भाग पुढें फिरत असला कीं त्याच्याभोंवतालची हवा त्यास खालीं दाबते आणि तो वाटेंतच मान टाकतो. ज्यास उंची नाहीं, त्यास फिरकी हीच उंची. म्हणून फिरकी ही जोराची सवत नव्हे. ज्या पायावर जोराची भिंत पुढें चढवावयाची तो पाया ती आहे. पाया न पाहतां भिंतीची उंची मोजणारा गवंडी आपण घरीं ठेवूं काय?

फिरकी मोजण्याची युक्ति सोपी आहे. चेंडूचा अर्धा भाग काळ्या शाईनें रंगवावा. नुसत्या डोळ्यांना तो हवेंत करडा दिसतो, परंतु मोबाईलच्या चित्रांत काळा भाग कधीं वर येतो आणि कधीं खालीं जातो तें स्पष्ट दिसतें. मुलीच्या जोराच्या चेंडूस एक फेरा पुरा करण्यास १६ चित्रें लागत, म्हणजे मिनिटास ९०० फेरे. ज्यास आपण सपाट म्हणतों तो चेंडूही अगदीं स्थिर नसतोच. फिरकीच्या चेंडूस ८ चित्रें, म्हणजे मिनिटास १,८०० फेरे. जगांतल्या अव्वल पुरुष खेळाडूंची दुसरी सर्व्हिस मिनिटास चार हजारांहून अधिक फेरे घेते. तेव्हां हा आंकडा फुशारकी मारण्यासारखा नाहीं. परंतु चौदा वर्षांच्या मनगटास लाज आणणाराही नाहीं. मोबाईल नसला तरी कान आहेतच. सपाट चेंडूचा आवाज टाळी वाजविल्यासारखा भरीव येतो. फिरकीचा आवाज कापड फाडल्यासारखा खरखरीत येतो. काकूंनीं दुसऱ्या दिवशीं स्वयंपाकघरांतून, पाठ असतांना, कोणता चेंडू कोणत्या जातीचा तें बिनचूक सांगितलें.

तिची फिरकी पुरी पुढचीही नव्हती आणि पुरी आडवीही नव्हती. दोहोंचें मिश्रण होतें. चेंडू जाळ्यावरून हातभर उंच जाई, मग एकाएकीं उतरूं लागे, आणि परतविणाऱ्याच्या डावीकडे दोन-अडीच फूट सरके. वेग ताशीं ८० च्या आसपास, म्हणजे यंत्राच्या दृष्टीनें अगदींच केविलवाणा. परंतु डावीकडे सरकणें हेंच डावखुऱ्याचें वैभव होय. उजव्या हाताच्या खेळाडूची आडवी फिरकी प्रतिस्पर्ध्याच्या उजवीकडे जाते, आणि सर्व जग त्या वळणास संवकलेलें असतें. डावखुऱ्याची फिरकी उलट वळते आणि उजव्या हाताच्या माणसाच्या उलट्या हाताकडे, बहुतेकांच्या दुबळ्या बाजूकडे, पळत सुटते. काकूंच्या हुकमास जेवणाचा हात शरण गेला, खेळाचा गेला नाहीं, ह्याबद्दल त्या दिवशीं आप्पांनीं देवाचे आभार मानले. काकूंनीं ऐकूं न आल्यासारखें केलें.

आतां परिणाम. हा मोजावयाचा तो मारणाऱ्याकडे पाहून नव्हे, तर परतविणाऱ्याकडे पाहून. आप्पांच्या वहींत चार रकाने होते: आंत पडली नाहीं, नीट परतली, लंगडी परतली, परतलीच नाहीं. दोन दिवसांचा हिशेब असा झाला. जोराच्या ६० पैकीं ३३ आंत पडल्या. त्यांपैकीं २४ भावानें नीट परतविल्या, ६ लंगड्या परतल्या, ३ परतल्या नाहींत. फिरकीच्या ६० पैकीं ५१ आंत पडल्या. त्यांपैकीं २२ नीट परतल्या, १९ लंगड्या, आणि १० परतल्याच नाहींत. म्हणजे जोराच्या साठांनीं नऊ वेळां कांहीं कमाई केली आणि फिरकीच्या साठांनीं एकोणतीस वेळां. ज्या सर्व्हिसची पत्रांत दखलही नव्हती, तीच घर चालवीत होती.

परंतु आप्पा गणिताचे मास्तर. आपल्या बाजूचा आंकडा दिसला कीं त्यांस संशय येतो. त्यांनीं दोन दिवस वेगळे केले. पहिल्या दिवशीं आंत पडलेल्या २५ फिरकीच्या चेंडूंपैकीं ७ परतले नव्हते, ११ लंगडे परतले होते. दुसऱ्या दिवशीं २६ पैकीं ३ आणि ८. भाऊ एका रात्रींत शहाणा झाला होता. तो डावीकडे एक पाऊल सरकून उभा राहूं लागला, आणि चेंडू वळण्यापूर्वींच पुढें येऊन गांठूं लागला. नवलाई ओसरली कीं फिरकीचाही दर उतरतो. मग मुलीनें न सांगतां एक चेंडू सपाट, मधल्या रेघेवर मारला. भाऊ डावीकडे झुकलेला तसाच राहिला आणि चेंडू त्याच्या उजवीकडून गेला. तो वेगांत कांहीं अधिक नव्हता. वहींत तो एकच गुण. परंतु पत्र आल्यापासून मुलगी प्रथमच हंसली ती तेव्हां. जोर आणि फिरकी एकमेकींची किंमत वाढवितात ती अशी.

हें केवळ नांदगांवच्या कुणग्याचें शास्त्र आहे असें कोणी समजूं नये. पुण्याजवळ बालेवाडी येथें २०१८ पासून २०२३ पर्यंत, मध्यें करोनामुळें एक वर्षाचा खंड पडून, ‘महाराष्ट्र ओपन’ ही पुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरत असे. २०१८ च्या अंतिम सामन्यांत दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन खेळला. उंची ६ फूट ८ इंच. सर्व्हिस म्हणजे तोफखाना. समोर फ्रान्सचा जील सिमाँ, सडपातळ, सर्व्हिसबद्दल कधींच न गाजलेला. सिमाँनें सरळ दोन सेटमध्यें सामना जिंकला. पुढच्याच वर्षीं तोच अँडरसन त्याच मैदानावर अंतिम सामन्यांत उतरला. ह्या वेळीं समोर त्याच्याहूनही उंच, एकोणचाळीस वर्षांचा इव्हो कार्लोव्हिच होता. तीनही सेट टायब्रेकपर्यंत गेले आणि अँडरसन जिंकला. दोघांची सर्व्हिस एकमेकांस आवरेना. सर्व्हिस तीच, मैदान तेंच. समोरचा माणूस बदलला आणि परिणाम बदलला. ह्याचा अर्थ, परिणाम ही नुसती चेंडूच्या अंगची वस्तु नाहीं. ती दोघांच्या मध्यें उत्पन्न होते.

याहूनही बोलकें उदाहरण २०२५ च्या विंबल्डनचें. फ्रान्सचा तरुण खेळाडू जिओव्हानी म्पेत्शी पेरिकार यानें टेलर फ्रिट्झविरुद्ध ताशीं १५३ मैल, म्हणजे सुमारें २४६ किलोमीटर वेगानें सर्व्हिस केली. विंबल्डनच्या इतिहासांत इतकी जलद सर्व्हिस तोंपर्यंत नोंदली गेली नव्हती. फ्रिट्झनें ती परतविली, आणि तो गुण फ्रिट्झनेंच घेतला. पांच सेटनंतर सामनाही त्यानेंच घेतला. विक्रमांच्या वहींत एकाचें नांव राहिलें आणि पुढच्या फेरींत दुसऱ्याचें गेलें.

आपल्याकडचे रामनाथन कृष्णन हे सौम्य सर्व्हिसबद्दल प्रसिद्ध होते. तरी १९६० आणि १९६१ अशीं लागोपाठ दोन वर्षें ते विंबल्डनच्या उपांत्य फेरींत पोंचले. त्यांना तेथें अडविलें तें नील फ्रेझर आणि रॉड लेव्हर या दोन ऑस्ट्रेलियनांनीं, आणि त्या त्या वर्षीं तेच अजिंक्य ठरले. आमच्या मुलीनें एक गोष्ट मात्र लगेच टिपली: दोघेही डावखुरे! आणि उंचीची गोष्ट काढाल तर २०२४ मध्यें विंबल्डन आणि फ्रेंच या दोन्ही स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत खेळलेली इटलीची जास्मिन पाओलिनी पांच फूट चारच इंच आहे.

काकूंचा आक्षेप मात्र चेंडूवर नव्हता. मुलीच्या जातीनें ह्या खेळांत वर्षें घालवावींत कशाला, असा होता. त्यास उत्तर आम्हीं याच मुलखांतून काढून दिलें. वेदांचे आणि कालिदासाचे नामांकित संपादक शंकर पांडुरंग पंडित हे मूळचे सावंतवाडी संस्थानांतले. त्यांची कन्या पंडिता क्षमाबाई राव यांनीं संस्कृतांत काव्यें लिहिलीं, आणि त्या टेनिसही उत्तम खेळत. क्षमाबाईंची कन्या लीला राव हिनें १९३४ सालीं विंबल्डनमध्यें पहिल्या फेरीचा सामना जिंकला; तेथें सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढें तिनें नाट्य आणि नृत्य या विषयांवर ग्रंथही लिहिले. एका घरांत तीन पिढ्यांनीं विद्या आणि दोन पिढ्यांनीं रॅकेट सांभाळली, आणि एकीनें दुसरीस बाधा केली नाहीं. काकू ह्यावर एवढेंच म्हणाल्या, “अगो, मग संस्कृताचा अभ्यासही होऊं दे.” ही संमति होती कीं अट, हें त्यांनीं अद्याप स्पष्ट केलेलें नाहीं.

निकाल शेवटीं आप्पांनीं दिला, आणि तो कोणाच्याच मनासारखा पुरा नव्हता. संस्थेस त्यांनीं वहींतल्या रकान्यांची नक्कल नम्रपणें पाठविली आणि दुसऱ्या सर्व्हिसचीही परीक्षा घ्यावी अशी विनंति केली. उत्तर आलें नाहीं. तेव्हां खर्च आणखी एक वर्ष चालवावा, परंतु जो शिक्षक तिन्ही प्रश्नांचे गुण पाहील त्याच्याकडे मुलगी सोंपवावी, असें ठरलें. मुलीसही सूट मिळाली नाहीं. जोराच्या साठांपैकीं सत्तावीस सर्व्हिस बाहेर जाणें हा आंकडा तिच्यापुढें ठेवला गेला, आणि फिरकीचे फेरे वाढवीत वाढवीत जोर चढविण्याचा क्रम तिला बांधून दिला. “तुझी सर्व्हिस दुर्बळ नाहीं,” आप्पा म्हणाले, “ती अपुरी आहे. दुर्बळाला दया दाखवावी लागते, अपुऱ्याला काम दिलें कीं पुरतें.”

ज्या घरांत मुलें कोणताही खेळ मनापासून खेळत असतील, त्या घरांस आमचें एवढेंच सांगणें आहे. यंत्राचा आंकडा नाकारूं नये, कारण तो खरा असतो. परंतु त्यास एकट्यास न्यायाधीश करूं नये, कारण तो अर्धाच असतो. चेंडू कोठें पडला, पडल्यावर काय झाला, आणि समोरच्याचे पाय कोणीकडे वळले, हें एका वहींत दोन दिवस लिहून काढण्यास खर्च पडत नाहीं. दोन दिवस मात्र पाहिजेतच. पहिल्या दिवशींचें यश पुष्कळदां नवलाईचें असतें, आणि दुसऱ्या दिवशीं जें उरतें तेंच आपलें.

आम्ही निघालों तेव्हां सारवणाला तडे जाऊं लागले होते. ज्येष्ठांत पाऊस पडला कीं रांगोळीच्या रेघा, चेंडूच्या खुणा, सर्व चिखलांत मिळून जाईल, आणि त्या कुणग्यांत पुन्हां भाताची लावणी होईल. त्यास कोणाची हरकत नाहीं. जमीन भाताचीच आहे. जाळें माळ्यावर गुंडाळून ठेवलेलें आहे, आणि आप्पांच्या वहींत पुढच्या नाताळसाठीं चार रकाने आखून कोरे सोडलेले आहेत.